सापाच्या पेटीत खाली काय अंथरावं?

केशर घरी आली तेव्हा पेन्सिलीएवढी होती. कॉर्न स्नेकचं पिल्लू, नारिंगी अंगावर लालसर ठिपके. आम्ही तेव्हा नुकतेच इंग्लंडमध्ये राहायला आलो होतो. इथे कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. दुकानदाराने पेटी, दिवा, पाण्याचं भांडं दिलं आणि सोबत भुशाचं एक पाकीट दिलं. सशांना, हॅमस्टरला चालतो, सापालाही चालेल म्हणाला. पाकीट फोडल्यावर खोलीभर नव्या लाकडी कपाटासारखा गोडसर वास पसरला आणि मला तो छान वाटला. चौथ्या दिवशी केशर मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती. नाकपुडीपाशी मोहरीएवढा बुडबुडा येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खाली काय अंथरलंय?" श्वसनमार्गाला संसर्ग झाला होता. बरेच दिवस इंजेक्शनं चालली आणि ती वाचली. संसर्ग भुशामुळेच झाला असं त्या ठामपणे म्हणाल्या नाहीत, पण भुसा त्याच दिवशी काढायला लावला. तेव्हापासून नवा साप घेणाऱ्या प्रत्येकाला मी दिवा कोणता, पेटी कोणती हे नंतर विचारते. आधी विचारते, खाली काय घालणार आहात? सबस्ट्रेट हा शब्द छंदातली मराठी माणसंही वापरतात. मी इथे साधं अंथरूण म्हणते.

आधी भारतातल्या वाचकांसाठी

धामण, नाग, अजगर, मांडूळ, कवड्या, असा कुठलाही देशी साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मांडुळाच्या नावाने पैशांच्या पावसाची जी अफवा चालते, तिच्यापायी हा निरुपद्रवी साप पोत्यापोत्यांनी पकडला जातो. त्याच्या वाटेला जाऊ नका. बॉल पायथनसारखे परदेशी साप भारतात पाळले जातात, पण याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या अशा प्रजातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रं नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. पुढचं सगळं कायदेशीरपणे पाळलेल्या सापांबद्दल आहे.

अंथरुणाला इतकं महत्त्व का

साप चोवीस तास पोटाखालच्या थराला चिकटून असतो. नाक जमिनीपासून एखाद्या सेंटिमीटरवर असतं. जीभ बाहेर काढतो तेव्हा हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपून टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोचवतो, म्हणजे अंथरुणाचा वास तो अक्षरशः तोंडात घेत असतो. त्यात त्याला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. धूळ, उग्र तेलांची वाफ, बुरशीचे कण आत गेले की तिथेच रेंगाळतात.

पोटाखालचे रुंद खवले ओलसर घाणीत राहिले की त्यांच्या कडा आधी गुलाबी-तपकिरी होतात, मग पाणी भरलेले फोड येतात आणि कातडी सडू लागते. स्केल रॉट म्हणतात ते हेच. उलट अंथरूण फारच कोरडं असलं तर कात तुकड्यातुकड्याने निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्या आणि शेपटीच्या टोकाची कात अडकून राहते. म्हणजे ओल कमी पडली तरी त्रास आणि जास्त झाली तरी त्रास. नेमकी किती हवी हे प्रजातीवर ठरतं.

पहिली पायरी: सुरुवात कागदाने

साप कुठलाही असो, घरी आल्यावर पहिला दीड-दोन महिना खाली कागद घाला. घरात आधीचा साप असेल तर तीन महिने, आणि नवा साप वेगळ्या खोलीत. साधा पांढरा किचन पेपर किंवा छपाई न केलेला कागद सगळ्यात चांगला. वर्तमानपत्रही चालतं. दोन-तीन थर घाला.

कागद दिसायला रुक्ष असतो आणि फोटो चांगले येत नाहीत, म्हणून लोक तो टाळतात. पण या दिवसांत तुम्हाला साप बघायचा असतो आणि पांढऱ्या कागदावर सगळं दिसतं. विष्ठा घट्ट आहे की पातळ, तिच्याबरोबरचा खडूसारखा भाग पांढरा आहे की पिवळट-हिरवट, रक्ताचा ठिपका आहे का, उंदीर उलटून टाकलाय का. खसखशीच्या दाण्यासारखे काळे, हळूहळू चालणारे ठिपके कागदावर किंवा पाण्याच्या भांड्याच्या तळाशी दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. भुशात ते तुम्हाला महिनाभर दिसले नसते.

कागद जागेवर राहावा म्हणून चिकटपट्टी अजिबात लावू नका. साप तिच्याखाली शिरतो, पट्टी खवल्यांना चिकटते आणि ओढली की कातडी सोलून निघते. कधी तसं झालंच तर ओढू नका. खाण्याचं तेल कापसाने लावून पट्टी सैल होऊ द्या आणि खवल्यांच्या दिशेने, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे, सावकाश सोडवा. कागद पेटीच्या मापापेक्षा थोडा मोठा कापून कडा आत मुडपल्या की तो आपोआप बसतो. लपायला दोन खोकी ठेवा, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. लपायला जागा मिळाली की कागदावर साप अस्वस्थ होत नाही.

दुसरी पायरी: साप कुठला, ते नीट ओळखा

कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला मध्यम ओल पुरते, साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता. त्याला उकरायला, बोगदे करायला आवडतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वर माळरान कोरडं असलं तरी तो दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो, तिथली हवा दमट असते. त्याला ६० ते ८० टक्के लागते. हॉगनोझ आणि केनियन सँड बोआ हे खोदणारे, कोरड्यातले. त्यांना खोली हवी, ओल कमी. एकाच घरातल्या दोन सापांना एकच अंथरूण चालेल असं धरून चालू नका. माझ्याकडे केशरच्या पेटीत ॲस्पेन नावाच्या लाकडाचा भुसा आहे आणि शेजारच्या पेटीत गोटी नावाचा बॉल पायथन नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांवर राहतो.

तिसरी पायरी: काय निवडावं

*ॲस्पेनचा भुसा.* कॉर्न स्नेक, हॉगनोझ, किंग स्नेक यांच्यासाठी माझी पहिली पसंती. या लाकडात उग्र तेलं नसतात, धूळ कमी असते आणि त्यात केलेला बोगदा ढासळत नाही. पाच ते आठ सेंटिमीटर थर घाला, हॉगनोझला दहा. केशर यात शिरते तेव्हा वरचा भुसा नुसता हलकेच फुगतो आणि मग एका कोपऱ्यात दोन डोळे तेवढे वर येतात. दोष एकच, भिजला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. पाण्याचं भांडं जड आणि बसकं घ्या, सांडलं तर तेवढा ओंजळभर भुसा लगेच काढून टाका. बॉल पायथनला हा वापरू नका.

*नारळाचं सोडण आणि काथ्या.* दमट हवा लागणाऱ्या सापांसाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही. दोन प्रकार मिळतात. सोडणाचे पेरभर चौकोनी तुकडे, आणि काथ्या काढल्यावर उरणारा बारीक चुरा, म्हणजे कोकोपीट. इथे दुकानात मिळणाऱ्या विटेवर बहुतेक वेळा भारत किंवा श्रीलंका लिहिलेलं असतं. कोकणातल्या घरी परसात पडलेली सोडणं आठवतात आणि बरं वाटतं. पण परसातली सोडणं तशीच उचलून घालू नका, त्यांत गोम, मुंग्या, बुरशी असते.

बागकामाचं कोकोपीट घेणार असाल तर पाकिटावर खत घातलेलं नाही ना हे वाचा. किनारपट्टीवरच्या काथ्यात खार असू शकतो, म्हणून बादलीत भिजवून, गाळून, दोनदा पाणी बदला. मग फडक्यात घालून पिळा. ओल बरोबर आहे की नाही हे मी मुठीने ठरवते. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. बोटांमधून पाणी ठिबकलं तर फार ओलं आहे. मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर टिकला आणि बोटाच्या टोचणीने मोडला तर नेमकं. मुठीतच भुगा होऊन सांडलं तर कोरडं, आणि तेवढं कोरडं कोकोपीट धूळ उडवतं, नाकात आणि ओठांच्या कडेला चिकटतं.

नुसत्या चुऱ्यापेक्षा खाली चुरा आणि वर तुकडे असं घालावं असं माझं मत. खालचा थर ओल धरून ठेवतो, वरचा कोरडा राहतो आणि सापाचं पोट ओल्यावर पडत नाही. पाणी वरून फवारत बसू नका. पेटीच्या कोपऱ्यांत कपभर ओता, ते खाली उतरतं. बॉल पायथनच्या पेटीत बहुतेकांचं चुकतं ते इथेच. रोज फवारतात, वरचा थर ओला, खालचा कोरडा, आणि महिन्याभरात पोटाखाली तांबडे डाग.

*झाडाच्या सालीचे तुकडे.* ऑर्किड लावायला वापरतात तशी साल दमट पेटीला चांगली. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून, उष्णता देऊन निर्जंतुक केलेली घ्या. अमेरिकेत सायप्रस लाकडाचा मल्च, म्हणजे जाडसर चुराही खूप वापरतात, तोही चांगला, मात्र पाकिटावर फक्त सायप्रस लिहिलेलं असावं, मिश्रण नको.

*माती आणि जिवंत पेटी.* साठ टक्के खत नसलेली माती, चाळीस टक्के धुतलेली वाळू, वर वाळलेला पाला, आणि आत स्प्रिंगटेल व आयसोपॉड हे बारीक जीव. ते विष्ठेचे राहिलेले कण आणि बुरशी खातात. थर दहा ते पंधरा सेंटिमीटर हवा आणि दमट पेटीत त्याखाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचरा. साप घालण्याआधी सहा आठवडे पेटी रिकामी चालू ठेवा. हे पहिल्या वर्षी करू नका. आधी तुमचा साप वर्षभर नीट खातोय, नीट कात टाकतोय हे बघा.

काय मुळीच नको

सीडर म्हणजे देवदारासारखं सुवासिक लाकूड पहिलं बाद. त्याचा सुवास ज्या तेलांमुळे येतो, तीच श्वासमार्गाला आणि यकृताला जड जातात. सीडरच्या भुशावर ठेवलेल्या लहान-मोठ्या उंदरांच्या यकृतातली विकरं वाढतात आणि गुंगीचं औषध त्यांच्यावर कमी वेळ टिकतं, हे १९६७ सालीच दाखवलं गेलं होतं. चाचणी सापांवरची नव्हती, पण बंद पेटीत, नाक भुशात खुपसून राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत मी तो पुरेसा इशारा मानते. वास येणारा पाइनचा भुसाही नको. सोपी पारख अशी की पाकीट फोडल्यावर तुम्हाला छान वास आला तर ते सापासाठी नाही.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो. त्यात सागवान, प्लायवुड, गोंद, पॉलिश सगळं मिसळलेलं असतं आणि धूळ भयंकर. भाताचं तूस टोकदार असतं. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचा चुरा, मांजराची वाळू, रंगीत खडे, कॅल्शियमची वाळू, काहीच नको. भक्ष्याबरोबर ते गिळलं जातं आणि आतड्यात अडकतं. केनियन सँड बोआच्या नावात वाळू आहे म्हणून नुसती कोरडी वाळू घालतात. त्यालाही ॲस्पेन मानवतो. हिरव्या प्लॅस्टिक गवताच्या चटईखाली विष्ठा झिरपून कुजते. ती वापरायचीच तर दोन तुकडे ठेवा आणि आलटून पालटून धुवा.

आपल्या घरांतल्या सवयींबद्दलही सांगायला हवं. डांबराच्या गोळ्या, फिनेल, कापूर, कडुलिंबाचा पाला, अगरबत्तीची राख, हे कीड लागू नये म्हणून पेटीत किंवा पेटीशेजारी ठेवू नका. फिनेल आणि डांबरगोळ्या सापाला विषारी आहेत. पेटी पुसायला पातळ केलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरा, नंतर साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

चौथी पायरी: खालून उष्णता असेल तर थर मोजा

हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, पेटीखाली असेल आणि वर दहा सेंटिमीटर अंथरूण घातलं तर उष्णता वर येत नाही, काचेखाली कोंडते. वरचा थर गार लागतो म्हणून माणूस मॅट वाढवतो. मग साप ऊब शोधत खाली खणत जातो, काचेला पोट लावून पडतो आणि भाजतो. अशा भाजलेल्या सापाला तिथून लगेच हलायची बुद्धी होत नाही, तो पडून राहतो.

म्हणून मॅट असेल तर उबदार बाजूचा थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र, हवाच, आणि त्याची तार मॅटच्या नेमकी वर, काचेला टेकलेली असू द्या. अंथरूण हाताने बाजूला सारून उघड्या काचेचं तापमान मोजा, ते ३३ अंशांच्या वर जाता कामा नये. जाड थर घालायचा असेल तर उष्णता वरून द्या, जाळीत बसवलेला सिरॅमिक हीटर किंवा दिवा, त्यालाही थर्मोस्टॅट.

पाचवी पायरी: किती आणायचं

मोठ्या सापाच्या पेटीचं नेहमीचं माप १२० बाय ६० सेंटिमीटर. सात सेंटिमीटर थर म्हणजे १२० × ६० × ७, सुमारे ५० लिटर. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे सहा विटा. पाच किलोचा मोठा ठोकळा घेतला तर एकदा भरून थोडं उरतं आणि स्वस्त पडतं. नवं पाकीट आणल्यावर मी ते शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात दोन दिवस ठेवते, मग खोलीत येऊ देते. आतले बारीक किडे मरतात.

ओल मोजणं, आणि पावसाळा

आर्द्रता मोजायचं डिजिटल यंत्र पेटीच्या तळाशी, साप असतो त्या उंचीवर ठेवा. झाकणाला चिकटवलेलं यंत्र झाकणाजवळची हवा सांगतं.

पुण्यातल्या माझ्या मामेभावाकडे नोंदणी केलेला बॉल पायथन आहे. मागच्या जुलैत त्याचा फोन आला. "ताई, तू सांगितलंस तसं कोपऱ्यात पाणी ओततोय, पण खाली पांढरी जाळी धरलीय आणि वास येतोय." बाहेरच ८५-९० टक्के दमटपणा होता आणि तो माझ्या इथल्या थंडीतल्या हिशोबाने पाणी ओतत होता. इथे थंडीत हीटर चालू असतो, हवा कोरडी पडते. त्याने सगळं काढून किचन पेपर घातला, पाणी बंद केलं, हवा खेळावी म्हणून झाकणाची जाळी मोकळी केली. चार दिवसांत यंत्र ७० वर आलं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बॉल पायथनलाही कागद किंवा नुसते सोडणाचे तुकडे पुरतात. नागपूरच्या मे महिन्यात मात्र ओली मॉस, म्हणजे शेवाळ, भरलेला डबा लागेलच. प्लॅस्टिकच्या डब्याला सापाला जाता येईल एवढं भोक पाडा, कडा सँडपेपरने गुळगुळीत करा, आत पिळलेली स्फॅग्नम मॉस भरा. कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की साप आपणहून आत जाऊन बसतो आणि कात एका तुकड्यात निघते.

रोजचं आणि महिन्याचं

विष्ठा त्याच दिवशी, भोवतीच्या मूठभर अंथरुणासकट काढा. कागद घाण झाला की बदला. ॲस्पेन दीड-दोन महिन्यांनी, सोडण तीन-चार महिन्यांनी पूर्ण बदला, वास आला तर त्याआधीच. खायला देताना उंदीर कोरडा पुसून, चिमट्याने, सपाट फरशीच्या तुकड्यावर किंवा ताटलीवर द्या. ओल्या उंदराला भुसा चिकटतो. एखादी काडी पोटात गेली तर निरोगी साप ती बाहेर टाकतो, घाबरू नका. पण दोन-तीन जेवणं होऊनही विष्ठा नाही, पोटाचा मागचा तिसरा भाग टणक, खाणं बंद, असं दिसलं तर तेल-एरंडेल पाजू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडे न्या.

महिन्यातून एकदा साप उचलून उजेडात पोट बघा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने एकेक रुंद खवला पुढे सरकू द्या. तांबूस कड, फोड, खवल्याखाली अडकलेला कण शोधा. एखादाच फिकट गुलाबी डाग असेल तर लगेच कागदावर आणा, पेटी कोरडी ठेवा आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. फोड असेल तर थेट घेऊन जा.

हे सगळं झाल्यावर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना जुनं अंथरूण हाताळू देऊ नका.

कागदावरून नव्या थरावर आणताना

आधी पेटीच्या एका अर्ध्या भागातच नवं अंथरूण घाला, दुसऱ्या अर्ध्यात कागद राहू द्या. साप कुठे बसतो ते तीन-चार दिवस बघा. लपायची खोकी त्याच जागी, न धुता ठेवा, म्हणजे त्याचा स्वतःचा वास पेटीत राहतो. मग उरलेला भाग भरा. नंतर आठवडाभर हातात घेऊ नका आणि एक जेवण पेटीतच, नव्या थरावर, नीट होऊ द्या.